मिरची लावण्याआधीचं भांडण

आमच्या घरमालकीणबाई माझ्याशी वर्षातून दोनदा ठरवून भांडायच्या. एकदा आषाढात, एकदा दसऱ्याच्या सुमाराला. एरवी भांडायच्या नाहीत असं कोण म्हणेल! पण ती आपली येता-जाता होणारी भांडणं, त्यांचं कुणी मनावर घेत नसे. ही दोन मात्र तयारीची. सकाळी लवकर आंघोळ, नऊवारीचा काष्टा घट्ट, डोक्याला फडकं, आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून पहिली हाक, "गे घाटणी, भायर ये!"

घाटीण म्हणजे मी. माझं माहेर साताऱ्याकडचं, म्हणून. त्या स्वतः मालवणच्या. नवरा गेल्यावर बोरिवलीची ती बैठी चाळ त्यांनी एकटीनं सांभाळली. गोराईच्या खाडीच्या अंगाला मोजक्या खोल्या आणि पुढे खोल्यांपेक्षा मोठं अंगण. ऐंशी सालानंतर आमच्या आजूबाजूला भराभर इमारती उठायला लागल्या होत्या. मधूनमधून एखादा बिल्डर जागेचं विचारायला यायचा. बाई त्याला कपभर चहा द्यायच्या आणि निघताना हातात शेणखताची पाटी द्यायच्या. "जातास तर एवढी त्या दुधीच्या आळ्यात घालून जा." सफारीतला माणूस पाटी घेऊन चिखलात उभा! तो पुन्हा कशाला येतोय.

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा माझं लग्न नवीन होतं. नवऱ्यानं नोकरीचा दाखला, ओळखीची चिठ्ठी, सगळं इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात नीट घडी करून आणलेलं. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या काकडीच्या वेलाला सुतळी बांधत होत्या. मान न वळवता मला म्हणाल्या, "तुका राग येता काय गो?"

मी म्हटलं, "येतो. तुम्हाला काय करायचंय?"

"लवकर येता?"

"आत्ता आलाय."

"खोली तुमची," असं म्हणून त्यांनी सुतळीचं दुसरं टोक माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. "ही धर घट्ट. हलू नको."

तो बिचारा बराच वेळ तसाच उभा होता. परत जाताना मला म्हणाला, "बाई जरा चक्रम वाटतात." मी म्हटलं, चक्रम तर चक्रम, नळ घरात आहे ना.

पुढे कळलं ते असं की, झाड लावणाऱ्याचा स्वभाव झाडात उतरतो हे बाईंचं शास्त्र होतं, आणि त्या शास्त्राप्रमाणे त्या भाडेकरू ठेवायच्या. आमच्या शेजारच्या खोलीत एक विमा एजंट होते. इतकं गोड बोलायचे की ऐकणाऱ्याला पित्त व्हावं. काकडी त्यांच्या हातची. "कडू निघाची नाय," बाई म्हणायच्या, आणि खरंच निघायची नाही. त्यापलीकडे एक कारकून, एकटा जीव, उंच, हडकुळा, खांद्यातून वाकलेला. पडवळ त्याच्याकडे. पडवळाला वाक येऊ नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीनं दगड बांधतात, तो दगड बांधायचं काम कारकुनाचं. तो मांडवाखाली उभा राहिला की बाई त्याला आपादमस्तक न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "तुका पण खय तरी दगड बांधूक व्हयो रे. सरळ होशीत." तो लाजायचा. त्याचं लग्न ठरत नव्हतं ते ह्या वाकण्यामुळेच, अशी बाईंची ठाम समजूत होती.

आणि मी मिरची. तिखट बाईच्या हातची मिरची तिखट, ह्यात मला तरी खोट काढता आली नसती. पण बाई एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. नुसता स्वभाव तिखट असून चालत नाही, लावायच्या वेळी राग अंगात हवा, हाताच्या बोटांपर्यंत उतरलेला हवा. आता राग काय नळाचं पाणी आहे, चावी फिरवली की आलं? म्हणून मग ते भांडण.

पहिल्या आषाढात मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सकाळी भांडी घासत होते. बाई आल्या, माझ्या पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही आमटी? माका वाटला देवळातला तीर्थ. तुझ्या आवशीन तुका काय शिकवूक नाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईवर कशाला जायचं? मीही सोडलं नाही. त्यांच्या घरातल्या सुकटीच्या वासापासून सुरुवात केली ती पार त्यांच्या गावच्या वेशीपर्यंत गेले. शब्दानं शब्द वाढला. एजंट मध्यस्थी करायला आले तर बाईंनी त्यांनाच हाकललं, "तू गप रे, तुझो गोडवो लागात!" आणि माझा आवाज अगदी टिपेला पोचलेला असताना बाईंनी माझ्या हातात मिरचीच्या रोपांची जुडी कोंबली. "लाय आता! बेगीन लाय, राग असा तवसर!"

मी काय करणार? रागाच्या भरात लावत सुटले. बाई मागून एकेका रोपाला पाणी घालत येत होत्या, आणि गुणगुणत होत्या, मेल्या!

त्या वर्षीची मिरची अशी निघाली की एजंटांच्या तोंडातली साखर दोन दिवस बंद पडली. बाई घरोघर वाटत फिरल्या. "आमच्या घाटणीच्या हातची. जपून खा, नायतर माका शिव्या घालशात."

खरा प्रकार कारकुनानं सांगितला तेव्हा मी ठरवलं, बस्स, पुढच्या वेळी ब्र काढायचा नाही. दसरा आला. बाई आल्या, शांतपणे उंबऱ्यावर टेकल्या आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझो घोव तुझ्यापेक्षा बरी भाकरी करता हा." झालं! माझा निश्चय चुलीत गेला. आणि तो गाढव तिथं बसून हसत होता. पुढच्या वेळीही मी ठरवलं, त्याच्या पुढच्या वेळीही ठरवलं. भांडण खोटं आहे हे माहीत असलं म्हणून राग काही खोटा येत नाही.

बाईंच्या बागेपायी आम्ही काय काय सोसलं! सगळ्या चाळीत टीव्ही एकच, बाईंचा. रविवारचा सिनेमा बघायला आम्ही सगळे त्यांच्या खोलीत सतरंजीवर. एका पावसाळ्यात पडवळाच्या वेलानं कौलावरून जाऊन अँटेना गाठली आणि नेमकं तिथंच फळ धरलं. पडवळ लांबत गेलं तशी पडद्यावरची माणसं वाकडी होत गेली. कारकून शिडी घेऊन वर निघाला तर बाईंनी शिडीच धरून ठेवली. "फळ धरला असा. त्येका हात लावशीत तर बघ." मग काय! नायिका कोण, खलनायक कोण, हे आम्ही आवाजावरून ओळखायचो. एका रविवारी तर सगळ्या सिनेमाभर पडद्यावर नुसता भुरभुर बर्फ, आणि बाई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसतायत. मी म्हटलं, "दिसतंय काय तुम्हाला?" म्हणाल्या, "रडता तर ती. ऐकाक येता मगे?"

आणि ते गोराईचं खत! कोळणींकडून सडकं सुकट आणायच्या, झाडांना घालायला. होडीनं जायच्या आणि पोतं घेऊन यायच्या. एकदा मीही बरोबर होते, आणि परतताना पोतं घेऊन बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे चालणार नाही." बाई म्हणाल्या, "चालाचा नाय म्हणान तर बसमधना नेतंय. चालाचा असता तर चालत नसतंय न्हेला?" तो विचार करत राहिला तोवर आम्ही बसलो. पहिल्या स्टॉपला पुढची माणसं उतरली, दुसऱ्या स्टॉपला मागची. शेवटी अख्ख्या बसमध्ये आम्ही दोघी, पोतं, आणि नाकाला रुमाल लावलेला कंडक्टर. बाई पाय पसरून म्हणाल्या, "बघ, किती ऐसपैस."

अशी सगळी मजा होती. मग ते वर्ष आलं.

त्या वर्षी वैशाखात मला मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. कुणाची चूक नव्हती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, नवऱ्यानं ऐकून घेतलं, मला काही ऐकू आलं नाही. घरी आले तेव्हा पाळणा जागेवर नव्हता, दुपटी दिसत नव्हती, सगळं कुणीतरी माझ्याआधी आवरून ठेवलेलं. आई येऊन राहिली. ती म्हणाली, "झालं ते झालं. तिचा विषय काढायचा नाही, मन खात राहतं." तिचंही बरोबर असेल. पण मग सगळ्यांनीच विषय काढायचा नाही असं ठरवलं. एजंट दारावरून जाताना चपला हातात घ्यायचे. कारकुनानं रेडिओ बंद केला. नवरा तर इतका जपून बोलायचा की मी काचेची आहे की काय असं वाटावं.

माझा राग गेला. हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण ज्या बाईला दूध उतू गेलं तरी राग यायचा, तिला कशाचाच येईना. भूक नाही, रडू नाही, काही नाही. माणूस बोललं की मी "हो" म्हणायचे.

आषाढ आला. मांडव घातला, पडवळ, दुधी, दोडकी चढली. बाईंनी मिरचीची रोपं तयार केली आणि एके सकाळी फडकं बांधून अंगणात उभ्या राहिल्या. "गे घाटणी, भायर ये!"

मी गेले. त्यांनी माझ्या खिडकीखालच्या दुधीला मासे धुतलेलं पाणी घातलं, सगळं, तपेलंभर. वास थेट माझ्या घरात. माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी आत आले आणि खिडकी लावून घेतली. बस्स. थोड्या वेळानं फटीतून पाहिलं तर बाई रिकामं तपेलं घेऊन तशाच उभ्या होत्या.

त्या पावसाळ्यात मिरची लागलीच नाही. एजंट म्हणाले, मी लावतो. बाई म्हणाल्या, "ती तिच्याच हातची." जी बाई वीतभर जमीन मोकळी सोडत नसे, पायरीच्या फटीतसुद्धा अळू लावायची, तिनं अंगणातला तेवढा वाफा रिकामा ठेवला. त्यातलं तण मात्र रोज उपटायची.

आणि रोज माझ्या मागे लागायची. माझी कपडे वाळत घालायची दोरी सोडून दुधीला बांधली. मी कपडे खुर्चीवर टाकले. साताऱ्याच्या माणसांना खाणं म्हणजे काय ते कळत नाही म्हणाल्या. मी "हो" म्हटलं. माझ्या आईला तिच्या तोंडावर म्हणाल्या, "तुमची मुलगी आळशी झाली हा." आई चवताळून उठली, पण मी नाही. आई मला म्हणाली, "बाई आहे का कैदाशीण! असल्या वेळी कुणी असं बोलतं?" नवऱ्यालाही पटलं नाही. गणपती झाले तरी माझ्यात फरक पडेना, तेव्हा त्यानं आणि आईनं ठरवलं, दसरा झाला की मला साताऱ्याला न्यायचं. किती दिवस, ते कुणी बोललं नाही. खोलीचं पुढे बघू, म्हणाला. मी म्हटलं, "हो."

बाईंना हे कळलं तेव्हा त्या मांडवाखाली दोडकी काढत होत्या. हातातली कोवळी-जून सगळी दोडकी एकाच टोपलीत टाकली, जे त्या कधी करत नसत.

ऑक्टोबरचं ऊन माहीत आहे ना आमच्याकडचं? पाऊस गेला की नुसती भट्टी. दसऱ्याच्या आदल्या सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी केर टाकायला बाहेर आले. आणि पाहते तर काय, अंगणात मिरचीची कोवळी रोपं, त्यांच्या चार बाजूंना चार बांबू, आणि बांबूंवर सावलीला बांधलेला माझा लग्नातला शालू. डाळिंबी. जरीच्या काठाला सुतळीच्या गाठी. मधोमध पदरावर कावळा बसलेला, आणि नुसता बसलेला नव्हे.

सकाळीच बाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या म्हणे, शालूला कसर लागेल, दे, उन्हात घालतंय. त्या भोळ्या सांबानं ट्रंक उघडून दिली.

मी केराचं सूप तिथंच टाकलं. "अहो, अक्कल गहाण टाकलीत का?"

बाई खुरपं घेऊन बसल्या होत्या. "काय झाला?"

"काय झालं? माझा शालू आहे तो! लग्नातला!"

"मगे? रोपांका ऊन लागता."

"रोपांना ऊन लागतं म्हणून माझा शालू? तुमच्या ट्रंकेत लुगडी नाहीत?"

"आसत. पण ती माझी."

"आणि हे काय आहे पदरावर? हे काय घाण केलीय कावळ्यानं?"

"खत ता," बाई म्हणाल्या. "चांगला असता."

मग मात्र मी सुटले. काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. त्यांची बाग, त्यांचं सुकट, त्यांचं ते मेलं अँटेनावरचं पडवळ, माझी सोडलेली दोरी, खिडकीखालचं माशाचं पाणी, सगळ्या पावसाळ्याचं उट्टं काढलं. गाठी सुटेनात म्हणून बांबू उपटला. मधेच माझ्या लक्षात आलं की हा आवाज माझा आहे. पलीकडच्या इमारतीच्या गॅलरीत बायका आल्या होत्या. एजंट दारात आले, हातात चपला नव्हत्या, पायात होत्या. कारकून दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून उभा होता आणि हसत होता. वाटलं, ह्याला बांबूच घालावा.

बाई कमरेवर हात ठेवून तोडीस तोड देत होत्या. "ओरड! अजून ओरड! एवढोच दम? साताऱ्यात एवढोच असता?" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते त्यांनी फडक्यानं पुसलं, ओलं गोणपाट घातलेल्या पाटीत भराभर रोपं उपटून घेतली, पाटी माझ्यापुढे आदळली आणि एक जुडी माझ्या हातात कोंबली. "लाय आता!"

मी त्या रिकाम्या वाफ्यात लावायला बसले. एक रोप, एक शिवी. मातीत बोट खुपसायचं, रोप ठेवायचं, दाबायचं, पुढची शिवी. बाई मागून पाणी घालत होत्या. एक ओळ झाली, दुसरी अर्धी झाली. आणि मग काय झालं कोण जाणे, पुढची शिवी तोंडापर्यंत आली आणि तिच्या जागी भलतंच बाहेर पडलं.

"माझी मुलगी होती हो."

पाणी घालायचं थांबलं. बाई माझ्या शेजारी चिखलात मांडी घालून बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील, गप, रडू नको. देवाच्या मनात नव्हतं म्हणतील. सगळे तेच म्हणाले होते.

बाई म्हणाल्या, "व्हय. कसा होता गो तुझा चेडू?"

कुणी विचारलंच नव्हतं हो. इतक्या महिन्यांत कुणी, अगदी कुणी विचारलं नव्हतं, की तुझी मुलगी कशी होती. मी पाहिलं होतं ना तिला! मी हातात घेतलं होतं. मला सगळं माहीत होतं आणि सांगायला जागा नव्हती. मी रडायला लागले, आणि रडत रडत सांगायला लागले. नाक सासूबाईंचं होतं. मूठ अशी आवळलेली की नर्सला उघडेना. रंग सावळा, माझ्या वडिलांसारखा.

"मगे तुझा काय?" बाईंनी विचारलं.

"आवाज," मी म्हटलं. "एकदाच रडली जोरात. अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं."

"तर! तुझाच चेडू ता," बाई म्हणाल्या, आणि मी त्या रडण्यातच हसले.

ऊन वर आलं होतं. शालू चिखलात पडला होता, सावलीला काही उरलं नव्हतं, आणि उपटलेली रोपं पाटीत एकेक करून माना टाकत होती. उपटलेल्या रोपाला क्षणभर ऊन लागू न देणारी ती बाई. तिनं त्या पाटीकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

"केस?" त्यांनी विचारलं. "केस कशे होते?"